परबबाईंचा खोटा दिवस

परबबाई गेल्याची बातमी मला त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने, निखिलने दिली. तो आता बंगळूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत असतो आणि आमचं बोलणं वर्षातून एखाद्या वेळीच होतं. "सर, बाई गेल्या. चाळीतल्या सावंतकाकांचा फोन आला होता," एवढंच त्याने आधी सांगितलं. मग म्हणाला, "त्यांनी मला वाचवलं की बुडवलं, हे एकदा त्यांनाच विचारायचं होतं. राहून गेलं."

मी त्याला काय सांगणार? तसं विचारलं असतं तर बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले असते आणि "अजून सांगता येत नाही" असं उत्तर दिलं असतं. त्या कशाबद्दलच पटकन सांगत नसत. कँटीनमध्ये कुणी विचारलं, बाई, वडा कसा आहे, तर म्हणत, "आजचा तरी बरा आहे."

डॉ. सुनंदा परब. मुंबईच्या पार दक्षिण टोकाला, समुद्राला लागून जी आमची संस्था आहे तिथे त्यांनी सगळी नोकरी केली. मी तिथे लागलो तेव्हा त्या पन्नाशीच्या आसपास असतील, आणि तेव्हाही दमलेल्याच दिसायच्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत गरम पाण्याचा थर्मास. लालबागहून बसने यायच्या. खोलीत शिरल्या की आधी खुर्चीत बसायच्या, पंख्याखाली डोळे मिटून थोडा वेळ नुसत्याच राहायच्या आणि मग स्वतःलाच सांगितल्यासारखं "चला" म्हणायच्या. त्यांचा दिवस त्या "चला"नंतर सुरू व्हायचा.

त्या काय करत, हे सांगणं सोपं आहे. करणं मात्र महाकठीण होतं. बाहेरच्या अवकाशातून आपल्यावर सतत कण आदळत असतात, विश्वकिरण म्हणतात त्यांना. त्यातले फार ऊर्जेचे कण वातावरणावर आपटतात आणि हजारो कणांचा सडा खाली जमिनीवर पडतो. दक्षिणेत एका डोंगरावर छोट्या छोट्या खोपट्यांमध्ये आमची यंत्रं ठेवलेली होती. ती हा सडा टिपायची आणि मूळ कण आकाशाच्या कुठल्या बाजूने आला ते त्यावरून काढता यायचं. आता हे कण विद्युतभारित असतात. वाटेतली चुंबकीय क्षेत्रं त्यांना इतकी वळवतात, फिरवतात, की निघाले कुठून आणि आले कुठून याचा मेळ राहत नाही. म्हणून ते सगळीकडून सारखेच येताना दिसतात. अगदी सारखे मात्र नाही. एका बाजूने हजार आले तर दुसऱ्या बाजूने हजारावर एखादा. हा जो वरचा एखादा, तो खरंच आहे का आणि आकाशाच्या कुठल्या बाजूला आहे, हे शोधण्यात बाईंची उमर गेली.

मी नवा असताना त्यांना एक आलेख नेऊन दाखवला होता. दिवसभरात कण कसे कमीजास्त येतात त्याची सुंदर लाट त्यात दिसत होती. मी खूश होतो. बाईंनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "खोट्या दिवसात काय दिसतं?"

मला काही कळलं नाही.

"बस," त्या म्हणाल्या. थर्मासमधलं पाणी त्यांनी कपात ओतलं, एक घोट घेतला. "हे बघ विनय. सूर्याचा दिवस चोवीस तासांचा. ताऱ्यांचा दिवस त्याहून साधारण चार मिनिटांनी लहान. आपल्याला जे हवंय ते ताऱ्यांच्या दिवसात दिसायला हवं, कारण ते बाहेरच्या आकाशातून येतंय. बरोबर?"

"बरोबर."

"पण आपलं यंत्र इथे, पृथ्वीवर, उन्हातान्हात. दुपारी तापतं, रात्री गार होतं. हवेचा दाबही बदलतो. हे सगळं सूर्याच्या दिवसाप्रमाणे चालतं. आणि ते उन्हाळ्यात एक असतं, हिवाळ्यात दुसरं. असं झालं की त्यातला थोडा भाग ताऱ्यांच्या दिवसात झिरपतो. म्हणजे आपलंच ऊन आपल्याला आकाश वाटायला लागतं. कसं ओळखणार?"

मी पुन्हा आलेखाकडे पाहिलं.

"तेवढाच भाग उलट्या बाजूलाही झिरपतो. चोवीस तासांपेक्षा चार मिनिटांनी मोठ्या अशा दिवसात. तसा दिवस जगात कुठेच नाही. सूर्याचा नाही, ताऱ्यांचा नाही. तो खोटा दिवस. तिथे काही दिसता कामा नये. दिसलं, तर समजायचं घरचंच काहीतरी शिरलंय."

मी आलेख परत नेला. खोट्या दिवसात माझी लाट तशीच्या तशी उभी होती. बाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "होतं असं," म्हणाल्या आणि डबा उघडला. दुपारचं जेवण त्या चार वाजता जेवायच्या, तोवर त्यांना भूक लागल्याची आठवणच होत नसे.

लालबागच्या त्यांच्या घरी मी पुष्कळदा गेलो. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर काही वर्षांत गेले. भाऊ वसईला. चाळीतल्या दोन खोल्यांमध्ये बाई आणि त्यांची आई. आई मालवणीच बोलायच्या. लेक दारात आली की चपला काढायच्या आत त्यांचा प्रश्न असायचा, "काय गो, गावला काय आज?"

"नाय गे आये."

"बरा. हात-पाय धू."

सापडलं का, हा त्यांचा प्रश्न म्हणजे टोमणा नव्हता. मुलगी काहीतरी शोधायला जाते, एवढं त्यांना माहीत होतं. शोधायला जाणाऱ्या माणसाला घरी आल्यावर विचारायला नको का? चाळीत बाकी कुणी विचारत नसे. शेजारचे सावंतकाका तेवढे अपवाद. ते शिवडीला बंदराच्या गोदामात होते. त्यांचा आवाज मोठा, आणि बाईंचा त्यांना अभिमानही मोठा.

त्यांच्याच आग्रहावरून एका गणपतीत बाईंनी चाळीच्या मांडवात भाषण दिलं. लहान मुलांचं नृत्य आणि बायकांचं भजन यांच्या मधली वेळ मिळाली होती. बाई साध्या शब्दांत छान बोलल्या. कण येतात कसे, वळतात कसे, आणि एका बाजूने अगदी किंचित जास्त येतात असं वाटतंय, पण अजून खात्री नाही. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतून एक गृहस्थ उभे राहिले.

"मॅडम, ती जास्तीची बाजू कुठली म्हणायची? पूर्व की ईशान्य?"

"का हो?" बाईंनी विचारलं.

"नाही, आमचं नवीन टॉवरमध्ये बुकिंग आहे. दरवाजा त्या बाजूला घेता येईल का बघतो."

मांडवात हशा पिकला. बाईंनी मात्र प्रश्न नीट ऐकून घेतला होता. "ती बाजू आकाशात आहे," त्या म्हणाल्या. "आणि आपण फिरतोय. म्हणजे सकाळी ती तुमच्या बाल्कनीत असेल, तर संध्याकाळी संडासाच्या बाजूला. दरवाजा तुम्ही वारा बघून घ्या."

सावंतकाका हे वर्षानुवर्षं सांगत फिरले. बाईंना मात्र त्यात गंमत वाटली नव्हती. मांडवातून बाहेर पडताना मला म्हणाल्या, "त्याने निदान 'कुठली' म्हणून विचारलं. बाकीचे टाळ्या वाजवून मोकळे झाले."

त्यांना कंटाळा येत नसेल का, असं मला नेहमी वाटे. एकदा बसमध्ये शेजारी बसलो असताना विचारलंच.

"येतो ना," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "सगळं कंटाळ्यातच केलंय."

निखिल आमच्याकडे पीएच.डी.ला आला तो बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत. हुशार, घाईचा मुलगा. वडिलांचं वडाळ्याला इस्त्रीचं दुकान. जुन्या सगळ्या वर्षांची मोजमापं आणि नव्या वर्षांची मोजमापं त्याने एकत्र केली, आणि इतकी वर्षं जे धूसर होतं ते स्पष्ट वर आलं. ताऱ्यांच्या दिवसात एक लाट. आकाशाच्या एका बाजूला थोडे जास्त, बरोबर समोरच्या बाजूला थोडे कमी. मी तो आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. बाई बसूनच होत्या. एवढंच म्हणाल्या, "दिसतंय असं वाटतंय."

त्यांच्या तोंडी हे फार मोठं वाक्य होतं.

खोटा दिवस जुन्या वर्षांसाठी सगळ्या दुरुस्त्या करून आधीच तपासलेला होता आणि तो कोरा होता. आमचे गटप्रमुख कामतसर जोरात कामाला लागले. निबंध लिहायला घेतला, पत्रकारांना बोलवायचं ठरलं. निखिलला परदेशातल्या एका विद्यापीठातून बोलावणं आलं, या निबंधाच्या भरवशावरच. बाईंची निवृत्ती तोंडावर होती. सगळं कसं वेळेवर जुळून आलं असं आम्हाला वाटत होतं.

त्याच दिवसांत बाईंच्या आईला परळच्या हॉस्पिटलमध्ये ठेवलं. मी एका संध्याकाळी भेटायला गेलो. जनरल वॉर्डात खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बाई बसल्या होत्या. आई खूप वाळल्या होत्या, पण शुद्धीवर होत्या. मला बघून त्यांना बहुधा संस्थेची आठवण झाली. मुलीकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "गावला काय गो?"

शेजारच्या खाटेवरच्या बाईची सून तिथे उभी होती. तिने परबबाईंना खुणेने सांगितलं, हो म्हणा. मलाही तसंच वाटलं. निबंध तर जवळपास तयार होता, म्हणजे ते खोटंही ठरलं नसतं.

बाई आईच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, "अजून नाय आये. पण जवळ इलंय."

आईंनी मान हलवली. "मगे घाई करू नको," म्हणाल्या आणि डोळे मिटले. त्या आठवड्यातच त्या गेल्या.

दिवसकार्य आटोपून बाई कामावर आल्या, पंख्याखाली बसल्या. "चला" म्हणाल्या आणि नव्या वर्षांचा खोटा दिवस स्वतः काढायला घेतला. तो कुणी काढला नव्हता. जुना कोरा होता म्हणून नवाही कोराच असणार, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं. पडद्यावर, जिथे सरळ रेघ असायला हवी होती, तिथे एक फुगवटा होता. लहान, पण होता.

"बाई, एवढासा तर आहे," मी म्हणालो.

"आपलं जे आहे तेही एवढंसंच आहे," त्या म्हणाल्या.

त्या डोंगरावर गेल्या. गुडघे दुखत असताना, एकट्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. "विनय, छप्परं बदललीत." मधल्या एका वर्षी खोपट्यांवरची जुनी जाड छप्परं काढून पत्रे टाकले होते. पत्र्याखाली दुपारी यंत्र भाजून निघत होतं, उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात कमी. पत्रे टाकल्याची माहिती त्या कामाच्या माणसांना होती, पण मुंबईला कळवण्याइतकी ती मोठी गोष्ट आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. "खाली उभी राहिले तर डोकं तापतंय माझं," बाई फोनवर म्हणाल्या. "यंत्राचं काय होत असेल."

बैठक कामतसरांच्या खोलीत झाली. बाई, निखिल, मी आणि सर.

"किती फरक पडेल?" सरांनी विचारलं.

"लाट अर्ध्यावर येईल कदाचित. कदाचित राहणारही नाही. प्रत्येक खोपटं वेगळं तपासावं लागेल."

"किती वेळ?"

"सांगता येत नाही."

सर खुर्चीत मागे टेकले. ते वाईट गृहस्थ नव्हते, त्यांनी बाईंसाठी वरच्यांशी पुष्कळदा भांडण केलं होतं. "बाई, तुम्ही पावसाळ्याआधी निवृत्त होताय. मग हे तुमच्या नावावर लागणार नाही. आत्ता छापू. सुधारणा नंतर छापता येते. जगभर करतात लोक."

"करतात," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मला चुकीचं आहे हे माहीत नसतं तर मी सही केली असती. आता माहीत आहे."

निखिल इतका वेळ खाली बघत होता. तो म्हणाला, "बाई, माझी जागा जाईल."

"हो."

"तुम्हाला कळतंय ना? तिकडे ते थांबणार नाहीत. बाबांनी दुकानात पेढे वाटलेत."

बाईंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे त्या दिवशी सुजल्यासारखे दिसत होते, आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. "कळतंय रे," त्या म्हणाल्या. निखिल उठून गेला. दरवाजा त्याने आपटला नाही, हळू लावला. ते जास्त लागलं.

निबंध थांबवला. निखिलची परदेशची जागा गेली. पण बाईंनी त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. तापणाऱ्या पत्र्यामुळे मोजमाप कसं बिघडतं आणि ते कसं दुरुस्त करायचं, यावरच त्यांनी त्याच्याकडून प्रबंध लिहून घेतला. पान न् पान वाचलं. त्याला पदवी मिळाली. पदवीच्या दुसऱ्याच महिन्यात त्याने सॉफ्टवेअरमधली नोकरी धरली आणि आकाशाकडे पुन्हा बघितलं नाही. पेढे घेऊन तो बाईंकडे आला होता. बाईंनी पेढा घेतला, त्याने वाकून नमस्कार केला, आणि तो निघून गेला.

निवृत्तीनंतर बाईंची खोली दुसऱ्याला दिली. त्या तरीही येत राहिल्या, बिनपगारी, माझ्या टेबलाच्या एका कडेला बसून. एकेका खोपट्याची मोजमापं वेगळी काढून तापमानाप्रमाणे दुरुस्त करत. तशी खोपटी पुष्कळ होती. त्या कामात शोधाचा आनंद वगैरे काही नव्हता. तांदूळ निवडावेत तसं काम होतं ते. दुपारी कधी कधी त्या नुसत्याच पडद्याकडे बघत बसलेल्या दिसत. विचारलं तर म्हणत, "दमले रे. करते आता."

ते चालू असतानाच परदेशातल्या एका मोठ्या गटाने तोच निष्कर्ष जाहीर केला. त्यांच्या यंत्रांचा पसारा आमच्यापेक्षा कितीतरी मोठा, माणसं अमाप. कणांची संख्या आकाशाच्या एका बाजूला किंचित जास्त आहे, आणि बाजू आम्हाला दिसली होती तीच. पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी आली. कामतसर ती घेऊन माझ्या खोलीत आले. बाई होत्याच.

"दिशा बरोबर होती बाई आपली," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "निदान दिशा तरी छापली असती. आपण पहिले असतो."

"बरोबर होती," बाई म्हणाल्या. "पण ती बरोबर आहे हे तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं."

सर बातमी टेबलावर ठेवून गेले. बाईंनी बातमी पुन्हा एकदा वाचली. मग दुपारी मी कँटीनमधून परत आलो तर त्या खोलीत नव्हत्या. खिडकीतून पाहिलं, त्या समुद्राकडच्या कठड्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. तशा त्या कधी काम सोडून बाहेर जात नसत. बऱ्याच वेळाने आल्या, पदराने तोंड पुसलं आणि उरलेली खोपटी काढायला बसल्या.

शेवटी दुरुस्त केलेली लाट मूळच्या अर्ध्याहून थोडी कमी निघाली. खोटा दिवस कोरा. आकडा त्या परदेशी गटाच्या आकड्याशी जुळत होता. म्हणजे आम्ही घाईने छापलं असतं तर पहिले ठरलो असतो आणि आकार दुपटीहून जास्त सांगून बसलो असतो. निबंध छापून आला तेव्हा तो आधीच माहीत असलेल्या गोष्टीला दुजोरा एवढाच राहिला होता. फारसा कुणी वाचला नाही. पत्रकारांना कुणी बोलावलं नाही.

छापील प्रत द्यायला मी लालबागला जाणार होतो. फोन केला तर बाई म्हणाल्या, "घरी नको येऊ. सावंतकाका मला शिवडीला नेतायत, तिथेच ये." सावंतकाकांना भलताच शोध लागला होता, की बाईंनी जन्मभर लालबागेत राहून शिवडीच्या खाडीतले फ्लेमिंगो पाहिलेले नाहीत.

हिवाळ्याची सकाळ होती. जेट्टीवर बरीच माणसं जमली होती, कॅमेरे, दुर्बिणी, शाळेची एक सहल. ओहोटी लागलेली. चिखलाचा वास, पलीकडे तेलाच्या टाक्या, वरून समुद्रावर गेलेला नवा पूल, आणि त्या सगळ्याच्या मधे चिखलात गुलाबी पक्ष्यांची लांबच लांब रांग. बाई एका दगडी बाकावर बसल्या होत्या. चपला काढून पाय उन्हात ठेवले होते. पायांना सूज होती.

मी निबंध हातात दिला. त्यांनी पानं उलटली नाहीत, वरची नावं तेवढी वाचली. पहिलं नाव निखिलचं होतं. ते त्यांनीच घालायला लावलं होतं.

"त्याला पाठवलास?"

"पाठवला."

"काही म्हणाला?"

"अजून नाही."

त्यांनी मान हलवली. कागद मला परत दिला. "तुझ्याकडेच ठेव जरा. माझ्या हातून पडेल." मग विचारलं, "ते पक्षी सगळे एकाच बाजूला तोंड करून का उभे आहेत रे?"

"वारा असेल बाई. माहीत नाही."

सावंतकाका पुढे कठड्याशी सहलीच्या मुलांना मोठ्याने काहीतरी सांगत होते. त्यांनी दुर्बीण मिळवली होती. ते वळून हाक मारणार, एवढ्यात मी त्यांना हाताने थांबवलं. बाईंची मान बाजूला कलली होती. चष्मा नाकावरून घसरला होता, तोंड किंचित उघडं होतं, श्वास संथ चालला होता. एवढ्या गलक्यात, भर उन्हात त्यांना गाढ झोप लागली होती. मी त्यांना झोपलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

सावंतकाका जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "उठवू काय? भरती इली की पक्षी जातले."

"राहू दे," मी म्हणालो.

ते आपल्या टोपीची सावली बाईंच्या तोंडावर पडेल असे उन्हाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मला संस्थेत पोचायचं होतं. मी निघालो. रस्त्याला लागण्याआधी मागे वळून पाहिलं. पाणी चढायला लागलं होतं, पक्षी एकेक करून उठत होते, माणसं बोटं दाखवत होती. बाई तशाच झोपलेल्या होत्या.